झेनोफनची अश्वविद्या

घोड्याला शिकवून तयार करणाऱ्या माणसास आपल्या भाषेंत चाबूकस्वार म्हणतात. शब्द पागेंतला आहे, जुना आहे, आणि त्या धंद्याविषयींची सर्वसाधारण समजूत त्यांत पुरती उतरलेली आहे. घोडा शिकला तर तो चाबकानें शिकला, असा त्याचा मथितार्थ. ज्या काळीं मुलांची विद्याही छडीच्या धाकानेंच पुरी होत असे, त्या काळानें मुक्या जनावराकरितां निराळा न्याय लावावा अशी अपेक्षा करण्यांत अर्थ नाहीं. आणि ही समजूत एकट्या आपल्या देशाची होती असेंही नाहीं. परंतु ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत अथेन्सच्या एका वृद्ध घोडेस्वारानें एक लहानसें पुस्तक लिहून ठेविलें. घोड्याकडून जुलमानें जें करवून घेतलें जातें तें तो समजून करीत नाहीं, आणि म्हणून त्यांत सौंदर्य येत नाहीं, असें त्या पुस्तकाचें सार आहे. चाबकाचे फटके मारून नाचविलेल्या नर्तकाशीं त्यानें अशा घोड्याची तुलना केली आहे. या पुस्तकाचा कर्ता झेनोफन. सॉक्रेटिसाचा शिष्य व दहा हजार ग्रीकांच्या परतीचा इतिहासकार म्हणून आपल्याकडील इंग्रजी शिकलेल्या वाचकांस त्याचें नांव ठाऊक असतें. अश्वशिक्षक म्हणून त्याची ओळख फारच थोड्यांना असते.

युरोपांत ज्या कलेला आज 'ड्रेसाज' म्हणतात तिचे अभ्यासक आपली वंशावळ या पुस्तकापर्यंत नेऊन भिडवितात. ड्रेसाज हा शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ शिकवून तयार करणें एवढाच आहे. ६० मीटर लांब व २० मीटर रुंद अशा आखाड्यांत घोडा स्वाराच्या मांडीच्या, पोटरीच्या व लगामाच्या, प्रेक्षकांस दिसूं न येणाऱ्या इशाऱ्यांवर चाली बदलतो. तिरपा सरकतो, जागच्या जागीं दुडकतो, मागच्या पायांवर भार घेऊन पुढचें अंग हलकें करतो. हें सर्व पाहणाऱ्यास कवायतीसारखें वाटतें. झेनोफनला मात्र ती कवायत वाटली नसती. त्याच्या मतें घोडा मोकळा असतां, मनांत आलें म्हणजे, जें आपण होऊन करतो तेंच त्याच्याकडून हवें तेव्हां करून घेणें, ही खरी विद्या.

घोडा शिकविण्यावरचें पहिलें लिखाण झेनोफनचें नव्हे, हें येथें सांगितलें पाहिजे. त्याच्यापूर्वीं सुमारें हजार वर्षें, मितन्नी देशच्या किक्कुली नांवाच्या अश्वशिक्षकाचा पाठ हित्ती राजांच्या हत्तुशा या राजधानींत मातीच्या विटांवर लिहिला गेला. हत्तुशा म्हणजे आजच्या तुर्कस्तानांतलें बोगाझक्यॉय. विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें उत्खनन झालें तेव्हां त्या विटा हातीं आल्या. रथाच्या घोड्यांनीं कोणत्या दिवशीं किती धांवावें, केव्हां खावें, केव्हां नदींत उतरावें, याचा कित्येक महिन्यांचा नेम त्यांत घालून दिला आहे. त्यांतील 'ऐकवर्तन', 'तेरवर्तन', 'पंझवर्तन', 'सत्तवर्तन' हे शब्द वाचतांना मराठी वाचकास परक्या मुलखांत आपल्या गांवचा माणूस भेटल्यासारखें होईल. एक फेरा, तीन फेरे, पांच, सात; अर्थ सांगण्यास कोशाची गरज नाहीं. आमच्या कौटिल्यानेंही अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत अश्वाध्यक्षाचें प्रकरण घातलें आहे. स्वारीच्या घोड्याच्या वल्गन, नीचैर्गत, लंघन, धोरण आणि नारोष्ट्र अशा पांच चाली त्यांत सांगितल्या असून, इशाऱ्याबरहुकूम चालणें याला नारोष्ट्र म्हटलें आहे. म्हणजे ड्रेसाजची कल्पना आम्हांस अगदींच अपरिचित नव्हती. परंतु किक्कुली काय किंवा कौटिल्य काय, दोघेही घोड्याकडे राज्याच्या कोठारांतील एक मौल्यवान वस्तु म्हणून पाहतात. त्याला किती वैरण द्यावी, किती दौडवावें, कोणत्या कामास लावावें, हें ते सांगतात. घोड्याच्या मनांत काय चाललें असेल, या प्रश्नाशीं ते थबकत नाहींत. झेनोफन थबकतो, आणि तेथेंच त्याचें वैशिष्ट्य आहे.

तोही अगदीं पहिला नव्हे. सायमन नांवाच्या एका अथीनियनानें त्याच्या अगोदर याच विषयावर लिहिलें होतें, व अथेन्सच्या एल्युसिनियन मंदिरापाशीं घोड्याची कांस्यमूर्ति उभारून तिच्या चौथऱ्यावर स्वतःचे पराक्रम कोरविले होते. त्याच्या ग्रंथाचा एक तुकडा तेवढा उरला आहे. नर्तकाचा वर दिलेला दृष्टांतही मूळचा सायमनचाच. झेनोफन तो त्याच्या नांवानिशीं देतो. पूर्वसूरींशीं जेथें आपलें मत जुळतें तेथें आपण तें गाळणार नाहीं, उलट मित्रांपुढें अधिक आनंदानें मांडूं, असें तो आरंभींच सांगतो. दुसऱ्याचें घेऊन त्याचें नांव गाळण्याची चाल पुष्कळ ग्रंथकारांत आढळते. या शिपायाला ती आवडत नसावी.

झेनोफनचा जन्म ख्रिस्तपूर्व ४३० च्या सुमारास एका सुखवस्तु घराण्यांत झाला. घोडा पोसण्याची ऐपत असेल त्यानें रिसाल्यांत जावें, अशी अथेन्सची रीत होती. तेव्हां तो तरुणपणींच स्वार झाला. त्या काळच्या स्वारीची कल्पना नीट यावी म्हणून हें लक्षांत ठेविलें पाहिजे कीं ग्रीकांस रिकीब माहीत नव्हती, आजच्यासारखें खोगीर माहीत नव्हतें, घोड्याच्या खुराला नालही ठोकीत नसत. उघड्या पाठीवर किंवा एखाद्या घडीवर मांड ठोकावयाची, हातांत भाला घ्यावयाचा, आणि सारा भरंवसा स्वतःच्या तोलावर व घोड्याच्या मर्जीवर ठेवावयाचा. ज्याला रिकिबीचा आधार आहे त्याला घोड्याचें मन ओळखल्यावांचून कांहीं काळ तरी निभावतां येतें. झेनोफनला ती सोय नव्हती.

ख्रिस्तपूर्व ४०१ मध्यें तो इराणचा राजपुत्र धाकटा सायरस याच्या भाडोत्री सैन्याबरोबर गेला. सायरस आपल्या भावाविरुद्ध लढतांना कुनाक्सा येथें पडला. ग्रीकांचे सेनापति तहाच्या बोलण्यासाठीं म्हणून गेले ते दग्यानें मारले गेले, आणि परमुलखांत उरलेल्या त्या सैन्यानें जे नवे नायक निवडले त्यांत झेनोफन होता. शिपाई खचले होते. शत्रूजवळ हजारों घोडेस्वार, यांच्याजवळ एकही नाहीं. तेव्हां त्यानें केलेलें भाषण त्याच्या इतिहासांत आहे, आणि तें मोठें मौजेचें आहे. घोडा चावल्यानें किंवा घोड्याची लाथ बसल्यानें लढाईंत कोणी मेल्याचें ऐकिवांत नाहीं, जें काय करतात तें माणसेंच करतात, असें तो शिपायांस सांगतो. आणि स्वार बिचारा घोड्याच्या पाठीवर टांगलेला, त्याला आपली भीति वाटते त्याच्याइतकीच खालीं पडण्याची वाटते, असेंही वर सुनावतो. जन्मभर घोड्यावर प्रेम केलेल्या माणसानें घोडदळाची केलेली ही थट्टा वेळेची गरज होती. तिचें पोकळपण लगेचच उघड झालें. शत्रूच्या स्वारांनीं पिछाडीला इतकें हैराण केलें कीं सामानाच्या तट्टांतून चांगलीं जनावरें निवडून पन्नासेक स्वारांचा एक रिसाला झेनोफनलाच उभा करावा लागला.

पुढच्या वाटेवरची एक हकीकत आम्हांस विशेष बोलकी वाटते. एक टेंकडी शत्रूच्या आधीं गांठावयाची होती. झेनोफन घोड्यावरून शिपायांस उत्तेजन देत होता. सोटेरिडस नांवाचा एक शिपाई म्हणाला कीं तुझी आमची बरोबरी नाहीं. तूं घोड्यावर आहेस, मी ढाल वाहून मेटाकुटीस आलों आहें. हें ऐकतांच झेनोफननें खालीं उडी टाकली, त्याला रांगेबाहेर काढून त्याची ढाल घेतली, आणि स्वाराचें जड चिलखत अंगावर असतां पायीं चढूं लागला. तेव्हां इतर शिपायांनींच सोटेरिडसला मारून व शिव्या देऊन ढाल परत घ्यावयास लाविलें. घोड्यावर बसणाऱ्यास पायीं चालणाराच्या मनांतलें समजलें नाहीं म्हणजे काय होतें, हा धडा त्याला त्या चढावर मिळाला. जनावराच्या मनांतलें ओळखण्याची विद्या त्यानें पुढें लिहिली, ती असल्याच शाळेंत तयार झाली असें म्हणावयास हरकत नाहीं.

आर्मेनियाच्या डोंगरांत बर्फ लागलें. जमिनीखालीं घरें करून राहणाऱ्या एका गांवांत ग्रीकांस आसरा मिळाला. प्रवासानें खंगलेला आपला म्हातारा घोडा झेनोफननें गांवच्या मुखियाला देऊन टाकला. तो सूर्याला वाहिलेला आहे असें ऐकल्यावरून त्याला खाऊं घालून पुष्ट करावें व मग बळी द्यावा, असें सांगितलें. त्याच्या बदल्यांत त्यानें तेथलीं शिंगरें घेतलीं व आपल्या सोबतच्या सरदारांसही एकेक दिलें. बर्फांतून जातांना घोड्यांच्या पायांना लहान पिशव्या बांधाव्या, नाहीं तर तीं पोटापर्यंत रुततात, ही युक्ति त्याच मुखियानें शिकविली. झेनोफनला प्राणिदयेचा संत ठरविण्याची अलीकडे जी हौस दिसते तिला ही हकीकत अडचणीची आहे. त्या घोड्यानें त्याला तेथवर आणलें होतें, आणि त्यानें त्याला वेदीवर पाठविलें. आम्हीं ती लपविणार नाहीं. परंतु जनावर म्हातारें होऊन मरूं लागलें असतां त्याला देवाच्या स्वाधीन करणें हा त्या काळच्या मनाला निष्ठुरपणा वाटत नव्हता, एवढें ध्यानांत घ्यावें.

दोन वर्षांनीं, ख्रिस्तपूर्व ३९९ मध्यें, तो लॅम्पसाकसला आला तेव्हां इतका कफल्लक होता कीं घरीं परतण्यास लागणारा वाटखर्चही घोडा विकल्यावांचून निघेना. त्यानें घोडा पन्नास दारिकांस विकला. थोड्याच दिवसांत सैन्याचा पगार घेऊन बायॉन आणि नॉसिक्लायडीझ असे दोन गृहस्थ आले. झेनोफनचा त्या घोड्यावर फार जीव होता असें त्यांनीं ऐकलें होतें. गरजेपोटींच त्यानें तो विकला असावा असा तर्क करून त्यांनीं तो परत विकत घेतला, झेनोफनला आणून दिला, आणि किंमत घेण्याचें साफ नाकारलें. आपल्या इतिहासांत हजारों मैलांची वाटचाल, राजांचे कपट आणि लढायांचे डाव वर्णन करणाऱ्या या लेखकानें ग्रंथाच्या अगदीं शेवटीं या गोष्टीस जागा द्यावी, यावरून त्याच्या अंतःकरणांत घोडा व मित्र या दोहोंचें स्थान कोठें होतें तें कळतें.

पुढें अथेन्सनें त्याला हद्दपार केलें, आणि स्पार्टाच्या कृपेनें ऑलिंपियाजवळ स्किलस येथें त्याला जमीन मिळाली. तेथें त्यानें आर्टेमिस देवीचें लहानसें देऊळ बांधिलें. दरसाल जत्रा भरे. झेनोफनचे मुलगे व गांवकऱ्यांचीं मुलें मिळून शिकारीस निघत, मोठ्या माणसांपैकीं ज्याला हौस असेल तोही त्यांत सामील होई. रानडुकरें, हरणें, सांबरासारखे प्राणी मारून आणीत आणि देवीच्या प्रसादाबरोबर सर्वांचें जेवण होई. देवळाभोंवतीं फळझाडें होतीं, कुरणें होतीं. जत्रेला येणाऱ्यांच्या घोड्या-बैलांनाही तेथें पोटभर चारा मिळे, हें सांगावयास तो विसरत नाहीं. पाहुण्यांच्या पानाबरोबर पाहुण्यांच्या जनावरांच्या चाऱ्याची आठवण ठेवणारा यजमान आम्हांस तरी ओळखीचा वाटतो. आपल्या खेड्यांतून अजून असे आहेत.

अश्वविद्येवरचें पुस्तक म्हातारपणचें आहे. घोडदळांत दीर्घकाळ घालविल्यानें जें कळलें तें आपल्या तरुण मित्रांस सांगावें, हा हेतु त्यानें पहिल्याच वाक्यांत स्पष्ट केला आहे. पुस्तक घोडा विकत घेण्यापासून सुरू होतें आणि घोडा पाहतांना तो प्रथम पाय पाहावयास सांगतो, कारण पाया कच्चा असेल तर घर वरून कितीही सुंदर असलें तरी काय उपयोग? खुराचा तळ पोकळ असावा; असा खूर जमिनीवर झांजेसारखा वाजतो. नालावांचून फिरणाऱ्या घोड्याचे खूर घट्ट व्हावे म्हणून तबेल्याबाहेर चारपांच गाड्या गोटे पसरावे, आणि खरारा करतांना किंवा माशा वारतांना घोडा त्यांवर उभा राहील असें करावें. घरधन्याच्या दृष्टीस घोडा वरचेवर पडेल अशाच जागीं तबेला असावा. ही सर्व बारीक व्यवहाराची माहिती; पण तिच्यामधून हळूहळू दुसरेंच कांहीं डोकावूं लागतें. शिंगरूं शिक्षकाच्या हवालीं करतांना, मुलाला कारागिराकडे उमेदवारीस ठेवावें त्याप्रमाणें, तें काय काय शिकून आलें पाहिजे याचा लेखी करार करावा. परंतु त्याआधीं घरींच त्याला माणसाची गोडी लागली पाहिजे. भूक, तहान आणि गोमाशांचा त्रास एकटेपणीं व्हावा. खाणें, पिणें आणि त्रासांतून सुटका माणसाच्या हातून व्हावी. असें केलें म्हणजे शिंगरूं माणसाची नुसती आवड धरीत नाहीं, त्याच्यासाठीं झुरूं लागतें. जेथें हात फिरविल्यानें त्याला सुख वाटतें तेथें हात फिरवावा. बाजारांतून, गर्दींतून, गोंगाटांतून न्यावें. बुजलें तर मारूं नये, भिण्यासारखें कांहीं नाहीं असें शांतपणें दाखवून द्यावें.

बुजणाऱ्या घोड्याविषयींचें त्याचें विवेचन आजही तितकेंच खरें आहे. एखादी वस्तु पाहून घोडा बिचकला कीं स्वार त्याला टांच मारतो, चाबूक ओढतो. घोड्याला काय समजतें? त्याला समजतें कीं आपल्याला ज्याची भीति वाटली होती तें खरेंच भयंकर आहे, कारण तें दिसतांच दुखलें. पुढच्या खेपेस तो दुप्पट बुजतो. म्हणून स्वारानें स्वतः त्या वस्तूला हात लावून दाखवावा आणि घोड्याला हळू हळू जवळ न्यावें. रागाच्या भरांत घोड्याजवळ जाऊंच नये, असें तो बजावतो. रागाला पुढचें दिसत नाहीं, आणि मागाहून पस्तावण्याची पाळी येते. ही तर्कसरणी सॉक्रेटिसाच्या शिष्याला शोभणारी आहे. घोडा दुष्ट नाहीं, हट्टी नाहीं. त्याच्यापाशीं जो अनुभव आहे त्यावरून तो आपल्या परीनें बरोबर अनुमान काढतो. चूक असते ती त्याच्यापुढें चुकीचा पुरावा ठेवणाराची.

बसण्याची रीतही त्यानें अशीच थोडक्यांत सांगितली आहे. खुर्चीवर बसल्यासारखें बसूं नये. पाय फांकून सरळ उभें राहिल्यासारखें असावें, मांड्यांनीं पकड घ्यावी, गुडघ्याखालचा पाय मात्र सैल सोडावा. पाय ताठ ठेविला तर आपटून मोडेल. सैल असला तर आदळला तरी वळेल आणि मांडी हलणार नाहीं. रुबाबदार घोडा हवा असेल तर लगाम खेंचून त्याची मान वर बांधूं नये. घोडीपुढें मिरवावयाचें असलें म्हणजे घोडा आपण होऊन मान कमानीसारखी करतो, पाय उंच टाकतो, शेपूट उचलतो. तीच त्याची ऐट त्याला स्वाराखालीं आठवावयास लावावी. तसें केलें आणि लगाम सैल सोडला कीं त्याला आपण मोकळे आहों असें वाटतें, आणि तो आनंदानें मिरवतो.

या पुस्तकांतील आठवें प्रकरण वाचल्यावर झेनोफनचा घोडा आखाड्याचा कीं माळाचा, हा प्रश्नच उरत नाहीं. चढ, उतार, ओढे, नाल्या, बांध यांवरून घोडा नेण्याची संवय त्याला आणि स्वाराला दोघांनाही हवी. उडी मारतांना घोड्याची आयाळ धरावी, म्हणजे तोंडाला हिसका बसत नाहीं. याच ठिकाणीं त्यानें एक खेळ सांगितला आहे. दोन मित्रांनीं ठरवून निघावें. एकानें भाला मागें करून वाटेल तशा रानांतून पळावें, दुसऱ्यानें बोथट टोंकांचीं भालीं घेऊन त्याचा पाठलाग करावा. टप्प्यांत आला कीं फेंकावें, गांठला कीं ओढावें, आणि ज्याला ओढलें त्यानें घोडा पुढें दामटून ओढणारालाच खालीं पाडण्याचा यत्न करावा. हें शिक्षण आहे कीं पोरांचा दंगा आहे, हें सांगणें कठीण. झेनोफनच्या मतें दोन्ही एकच. आणि तापट घोड्याविषयीं तो म्हणतो कीं वरचेवर एकदम वळविण्यापेक्षां लांबची, संथ रपेट त्याला अधिक मानवते.

मराठी वाचकाला यांत विशेष नवल वाटूं नये. घोड्याला गोल फिरवून तयार करण्याला आपल्याकडे कावा देणें म्हणत, आणि त्याच शब्दाचा पुढें लढाईंतील हुलकावणी हा अर्थ झाला. आखाड्यांतला फेरा आणि मुलूखगिरींतली वळसेबाजी यांना एकच शब्द पुरे व्हावा, यांत मराठी रिसाल्याच्या सवारीचें वर्मच आलें. बारगिराचा घोडा सरकारचा असे, शिलेदाराचा स्वतःचा; तो मेला म्हणजे शिलेदाराची रोजीच बुडे. भीमथडीच्या तट्टांना ज्यांनीं वाढविलें त्यांचे ग्रंथ नाहींत. त्यांची विद्या त्यांच्याबरोबर गेली, ही आम्हांस फार मोठी हानि वाटते.

झेनोफनच्या पुस्तकाचें पुढें काय झालें? मध्यंतरीचीं शतकें सोडून देऊं. सोळाव्या शतकांत नेपल्समध्यें अश्वविद्येचें पुनरुज्जीवन झालें आणि १५५० मध्यें फेडेरिको ग्रीझोनेनें आपला ग्रंथ छापला. घोडा शिस्तींत बसविण्यासाठीं त्यानें जे उपाय सुचविले आहेत ते वाचवत नाहींत. अडून बसणाऱ्या घोड्याच्या मागें काठीला बांधलेलें मांजर धरावें, साळूसारखा कांटेरी प्राणी शेपटीला बांधावा, पेटलेला पेंढा लावावा. प्राचीनांचें पुनरुज्जीवन करणाऱ्यांना प्राचीनांतलें काय घ्यावें हें नेहमीच कळतें असें नाहीं. नेपल्सलाच शिकून आलेल्या अँतुआन द प्लुव्हिनेलनें मात्र उलट मार्ग धरिला. पॅरिसमध्यें त्यानें १५९४ मध्यें तरुण सरदारांसाठीं शाळा काढली, तेराव्या लुईला स्वारी शिकविली, आणि शिकवतांना घोड्याची बुद्धि थकवावी, पाय थकवूं नयेत, असा आग्रह धरिला. राजा प्रश्न विचारतो व गुरु उत्तर देतो अशा संवादरूपानें लिहिलेला त्याचा ग्रंथ त्याच्या मरणानंतर १६२३ मध्यें बाहेर आला. पुढें १७३३ मध्यें ला गेरिनिएरचा ग्रंथ निघाला. घोड्याचा खांदा आंत वळवून त्याचें अंग लवचिक करण्याची जी युक्ति त्यानें सांगितली ती आजही जगभर शिकविली जाते. व्हिएन्ना येथें सम्राट सहाव्या चार्ल्सनें १७२९ ते १७३५ या काळांत बांधविलेल्या पांढऱ्याशुभ्र दिवाणखान्यांत लिपिझ्झानर घोडे अजून त्याच परंपरेनें तयार होतात, आणि स्वार आंत येतांच भिंतीवरच्या त्या सम्राटाच्या चित्रास टोपी काढून वंदन करतात.

या दिवाणखान्यांत घोडे उड्या मारतात, मागच्या पायांवर उभे राहतात, त्या मूळच्या लढाईंतल्या चाली होत असें पुष्कळ सांगतात. आम्हांस तें पटत नाहीं. गर्दीच्या हातघाईंत घोडा हवेंत उडवून त्याचें पोट भालाइतांपुढें उघडें करणारा स्वार फार दिवस जगला नसता. ती कला होती, दरबारी कला होती, आणि त्यांत कमीपणा कांहींच नाहीं. नुकसान झालें तें दुसऱ्या बाजूनें. दिवाणखान्यांत शिरलेली विद्या बाहेर येईना, आणि माळावरच्या स्वाराला तिची किंमत वाटेना. इंग्रज शिकारी सरदार आखाड्याला हंसत. आखाड्यांतले गुरु शिकाऱ्यांना अडाणी म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काप्रिल्ली या इटालियन अधिकाऱ्यानें स्वारानें पुढें झुकून घोड्याला त्याचा तोल त्यालाच सांभाळूं द्यावा असें प्रतिपादन केलें, तेव्हां तें बंड समजलें गेलें. काप्रिल्ली १९०७ मध्यें घोड्यावरून पडूनच वारला. घोड्याचें तोंड ओढूं नये, आयाळ धरावी, हें झेनोफननें सांगून ठेविलेलें कोणास आठवलें असेल तर तें थोड्यांनाच.

१९१२ मध्यें स्टॉकहोम येथें ड्रेसाज ऑलिंपिकमध्यें आलें आणि पुढें कित्येक वर्षें तें लष्करी अधिकाऱ्यांपुरतेंच राहिलें. १९४८ मध्यें स्वीडनच्या संघानें सुवर्णपदक जिंकलें, पण त्यांतील एक स्वार मूळचा अधिकारी नव्हता हें उघड होऊन पुढच्या वर्षीं तें काढून घेण्यांत आलें. घोड्याला स्वाराच्या खांद्यावरचे बिल्ले कळत नाहींत, एवढें तरी नियम करणाऱ्यांस कळावयास हवें होतें. १९५२ मध्यें हेलसिंकीला ही अट गेली, स्त्रियांनाही वाट मोकळी झाली, आणि डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईनें ज्युबिली नांवाच्या घोडीवर रौप्यपदक मिळविलें. १९४४ मध्यें तिला पोलिओ झाला होता; गुडघ्याखालीं तिचे पाय निकामी होते, घोडीवर चढावयास व उतरावयास दुसऱ्याचा आधार लागे. टांच मारणें, पोटरीनें दाबणें, हें सर्व तिला अशक्य. ज्युबिलीनें जें केलें तें पाठीवरचा भार किंचित् इकडून तिकडे झाला एवढ्यावरून ओळखून केलें. जुलमावांचून घोडा शिकतो कीं नाहीं या वादाला याहून चोख पुरावा आम्हांस माहीत नाहीं.

आणि उलट पुरावाही आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या तोंडावर, या खेळांत अनेक पदकें मिळविलेल्या एका ब्रिटिश स्वार स्त्रीनें शिकवणींत घोड्याच्या पायांवर पुन्हां पुन्हां चाबूक ओढल्याचें चित्रण बाहेर आलें. तिनें स्पर्धेंतून माघार घेतली व पुढें तिच्यावर एक वर्षाची बंदी आली. लोकांस धक्का बसला. आम्हांस धक्क्यापेक्षां खेद अधिक झाला, कारण जिच्या कलेची सारी मातब्बरी मऊ हातावर होती तिलाही यशाच्या घाईनें सायमनचा नर्तक विसरावयास लाविलें. भारतापुरतें म्हणावयाचें तर २०२३ मध्यें हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेंत सुदीप्ति हजेला, दिव्यकृति सिंह, अनुष अगरवाला व मुंबईचा हृदय छेडा या चौघांनीं ड्रेसाजचें सांघिक सुवर्णपदक आणलें. अश्वारोहणांत १९८२ नंतर देशाला मिळालेलें तें पहिलेंच सुवर्ण. त्यांना शिक्षणासाठीं युरोपांत जाऊन राहावें लागलें. ज्यांच्या पूर्वजांनीं अश्वशास्त्रें लिहिलीं त्यांच्या देशांत ही सोय अजून व्हावयाची आहे.

व्हिएन्नाच्या त्या शाळेनें २००८ पर्यंत स्त्रियांस शिकाऊ स्वार म्हणून घेतलें नव्हतें, आतां घेते. तिच्या घोड्यांची पैदास स्टिरिया प्रांतांत पीबर येथें होते, आणि तेथील शिंगरें उन्हाळ्यांत आल्प्सच्या उंच कुरणांवर मोकळीं सोडलेलीं असतात, म्हणजे खडकाळ उतारांवरून चालतां चालतां त्यांचे पाय घट्ट होतात. शाळेंतल्या जाणत्या घोड्यांनाही उन्हाळ्याची सुट्टी असते. त्या दिवसांत त्यांना हेल्डेनबर्ग येथें नेतात, आणि सम्राटाच्या चित्रापुढें तोलून पावलें टाकणारे ते पांढरे घोडे आपापल्या स्वारांना घेऊन, एकमेकांच्या सोबतीनें, सैल लगामावर रानांतल्या वाटांनीं फिरावयास निघतात.